गर्विष्ठ कोण? चार अक्षरी



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक ४ आणि ५. जमलं तर त्याच अध्यायातले १३ ते १५ हे तीन श्लोकही वाचा. आजचं चिंतन त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

सोळाव्या अध्यायात भगवंत आधी दैवी गुण सांगतात. परंपरेने ते २६ मोजतात, आणि यादीतला अगदी शेवटचा गुण म्हणजे स्वतःला फार मोठं न समजणं. लगेच चौथ्या श्लोकात आसुरी संपत्ती येते: दंभ, दर्प, अभिमान, राग, बोलण्यातला कठोरपणा आणि अज्ञान. सहातले पहिले तीन एकाच घराण्यातले आहेत. नसलेलं मिरवणं हा दंभ. असलेल्याची धुंदी चढणं हा दर्प. आणि मिरवण्यासारखं काही नसलं, बघणारंही कोणी नसलं, तरी आतल्या आत स्वतःला वरच्या पायरीवर बसवून ठेवणं हा अभिमान. आपण मात्र या तिघांना मिळून एकच शब्द वापरतो: गर्विष्ठ. आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी वापरतो.

हे सगळं या आठवड्यात डोक्यात घोळतंय त्याला कारण एक शब्दकोडं.

इथे हुडकेश्वरला आमचा छोटासा वाचनगट आहे. दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतो. कोणी मिहानमधून नोकरी आटपून येतो, कोणी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी बँकेच्या परीक्षा देतंय. गटात एक निवृत्त काका आहेत. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतली कोडी सोडवण्यात त्यांची हयात गेली. अधूनमधून ते स्वतःच चौकटी आखून आमच्यासाठी कोडं बनवतात. या वेळचा विषय होता ‘गर्वाचं घर खाली’. पुराणातले आणि इतिहासातले सगळे गर्विष्ठ एका कागदावर.

सुरुवात सोपी होती. ‘कैलास उचलायला निघालेला लंकापती (३)’: रावण. ‘शंभर अपराध भरलेला चेदिराज (४)’: शिशुपाल. ‘खांबातून देव आला तेव्हा संपला (६)’: हिरण्यकशिपू. ‘ऋषींच्या खांद्यावर पालखी देणारा राजा (३)’: नहुष. पोरं भराभर लिहीत होती. काका म्हणाले, “अरे बाबू, पेन्सिलनं भर ना, पेननं काहून भरून राहिला?” सगळे हसले. पेन काही कोणी खाली ठेवलं नाही.

मग एक उभा शब्द आला: ‘गर्व उतरल्यावर गुरूला शरण गेलेला (४)’. खालच्या दोन घरांत आधीच अक्षरं आली होती, ‘दे’ आणि ‘व’. लगेच दोन-तीन आवाज एकदम, “चांगदेव!” बरोबरच होतं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला योगी. शेवटी लहानग्या मुक्ताबाईंना शरण गेला. लिहूनही टाकलं. पण पहिल्या घरातून जाणारा आडवा शब्द निघाला ‘नारद’. म्हणजे पहिलं अक्षर ‘ना’. म्हणजे उत्तर नामदेव.

खोलीत शांतता. मग एक जण जवळजवळ रागावून म्हणाला, “काका, नामदेव महाराज गर्विष्ठांच्या कोड्यात?”

प्रश्न नीट बघा. चांगदेवाला तिथे बसवताना कोणालाच काही वाटलं नव्हतं. दोन्ही नावं चार अक्षरी. शेवटची दोन अक्षरं तीच. सूचनाही दोघांना तंतोतंत लागू. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटणं उचलून विचारलं, हे कशाला वापरतात? गोरोबा म्हणाले, मडकं भाजलंय की कच्चं ते पाहायला. आणि मग प्रत्येकाच्या डोक्यावर ते थापटत गेले. बाकीचे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला, कारण साक्षात विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता. मडकं कच्चं ठरलं. मग त्यांनी औंढा नागनाथला जाऊन विसोबा खेचरांना गुरू केलं. ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, आणि तिच्यामुळे नामदेवांवरचं प्रेम कमी होत नाही, उलट वाढतं. मग तशाच कथेमुळे चांगदेव आपल्या मनात ‘गर्विष्ठ’ या घरात कायमचा का बसतो?

माझं आजचं चिंतन या प्रश्नावर आहे. गर्व हे माणसाचं नाव आहे का? की माणसावर येऊन जाणारी एक अवस्था?

कोडं ‘तो’ म्हणतं

शब्दकोडं हा प्रकार तसा फार जुना नाही. आर्थर विन याचं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात आलं, तिथपासून आजची परंपरा धरतात. आपल्याकडे पुढे बक्षिसांच्या कोड्यांचं असं पेव फुटलं की १९५५ साली संसदेला बक्षीस स्पर्धांसाठी कायदा करावा लागला. महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षिसं देणाऱ्या अशा स्पर्धांवर बंदी आली. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जुगाराच्या स्वरूपाच्या या स्पर्धांना व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण मिळणार नाही. यातली गोम लक्षात घ्या. एका चौकटीत दोन-तीन शब्द चपखल बसायचे, पण बक्षीस कोणाला? ज्याचा शब्द आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाशी जुळेल त्याला. तुमचं उत्तर अर्थाने योग्य आहे का, हा प्रश्नच नव्हता.

माणसांच्या बाबतीत आपण पुष्कळदा असंच करतो. उत्तर आधीच पाकिटात बंद करून ठेवलेलं असतं. समोरचा गप्प बसला तर ‘बघ, किती शिष्ट’. बोलला तर ‘बघ, किती मिरवतो’. मदत केली तर ‘उपकार दाखवतो’. नाही केली तर ‘माजलाय’. त्याने काहीही केलं तरी घरात एकच शब्द बसतो.

चांगदेवाचंच बघा. ‘कोरं पत्र पाठवणारा गर्विष्ठ योगी’ अशी त्याची ओळख आपण करून देतो. पण ते पत्र कोरं का राहिलं? परंपरा सांगते की चांगदेवाचं वय १,४०० वर्षं आणि ज्ञानेश्वर कोवळ्या वयाचे. पत्राचा मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’, की ज्ञानाने मोठे म्हणून ‘तीर्थरूप’? ठरेना, म्हणून कागद तसाच पाठवला. आता सांगा, जो माणूस नखशिखांत गर्विष्ठ आहे तो अडला असता का? त्याने एका झटक्यात ‘चिरंजीव’ लिहून आशीर्वाद देऊन टाकला असता. तो अडला, याचा अर्थ त्याच्या गर्वाला त्या क्षणी तडा गेलेला होता. मुक्ताबाईंनी ‘एवढी वर्षं जगून कोराच राहिला’ असं म्हटलं हे खरं, पण ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर पाठवलं. ‘चांगदेव पासष्टी’ ती हीच. त्यांना त्या कागदात एक प्रश्न दिसला. आपल्याला मात्र तिथे फक्त एक विशेषण दिसतं.

इतिहासातही हेच. काकांच्या कोड्यात एक सूचना होती, ‘पानिपतावर कोणाचं न ऐकलेला सेनापती’. उत्तर सदाशिवराव. कुटुंबकबिला आणि जड तोफा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, हा सूरजमल जाटाचा सल्ला भाऊंनी गर्वाने धुडकावला, असं आपण ऐकत आलो आहोत. पण ‘भाऊ गर्विष्ठ होता’ असं एकदा लिहिलं की विचार तिथेच थांबतो. मग तुटलेली रसद, उपाशी जनावरं आणि माणसं, फौजेसोबत असलेले हजारो यात्रेकरू, उत्तरेत एकटं पडणं, यांतलं काहीच विचारावंसं वाटत नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर ग्रंथ लिहिला, भाऊंवरचे आरोप पुन्हा तपासले आणि त्यांची बाजू मांडली. त्यांचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही. पण १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडल्यावर जो माणूस हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला आणि गर्दीत घुसला, तो एका शब्दात मावत नाही एवढं तरी कळतं.

गीता ‘मी’ म्हणते

आता सोळाव्या अध्यायाकडे परत या. दोन गोष्टी मला फार हलवतात.

पहिली: या अख्ख्या अध्यायात एकाही असुराचं नाव नाही. रावण नाही, कंस नाही, हिरण्यकशिपू नाही. समोर दुर्योधन अकरा अक्षौहिणी घेऊन उभा आहे. ‘तो बघ, असा असतो आसुरी माणूस’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? भगवंत म्हणत नाहीत. उलट १३ ते १५ या श्लोकांत ते गर्विष्ठ माणसाचं मन दाखवतात, तेही त्याच्याच तोंडून. आज काय मिळवलं, उद्या काय मिळवणार, कोणाला संपवलं, आता कोणाची पाळी, आपल्या तोडीचा आहे कोण, असा सगळा हिशोब तिथे प्रथमपुरुषात चालतो. म्हणजे जो कोणी गीतेचा पाठ करतो, त्याला ते शब्द ‘मी’ म्हणूनच उच्चारावे लागतात. पळवाट नाही. अगदी सात्त्विक, रोज पहाटे उठून पाठ करणारा माणूससुद्धा त्या तीन श्लोकांपुरता असुराच्या जागी उभा राहतो.

दुसरी: आसुरी यादी संपल्या संपल्या, पाचव्या श्लोकात, भगवंत अर्जुनाला धीर देतात. शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्माला आला आहेस, असं सांगतात. हा धीर कशासाठी? यादी ऐकताना अर्जुनाने मनात ‘हा तर दुर्योधन’ असं म्हटलं असतं, तर त्याला शोक झालाच नसता, उलट बरं वाटलं असतं. मला असं वाटतं की त्याने ती यादी ऐकून स्वतःकडे पाहिलं. चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पाहून सारथी बोलला. दैवी संपत्तीची याहून चांगली खूण मला माहीत नाही. गर्वाचं वर्णन ऐकताना ज्याला दुसऱ्याचा चेहरा आठवत नाही, तो अर्जुन.

कोड्यात एका अक्षराचा शब्द कधी विचारत नाहीत. कमीत कमी दोन घरं लागतात. त्यामुळे गर्विष्ठांची कितीही कोडी सोडवली तरी ‘मी’ हे उत्तर कधीच येणार नाही. त्यासाठी कोडं बाजूला ठेवून पोथीच उघडावी लागते.

आणि संत ‘तू’ म्हणतात

पण थांबा, इथे एक अडचण आहे. मराठीत ‘दर्प’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: उग्र वास. ज्याच्या अंगाला तो येतो त्याला तो जाणवत नाही, शेजारच्याला जाणवतो. गर्वाचंही तसंच असेल तर ‘मी’ म्हणून आत पाहिल्यावर तो सापडेलच कशावरून? नामदेवांना आपण कच्चे आहोत हे स्वतःहून कळलं नव्हतं. थापटणं डोक्यावर पडावं लागलं.

म्हणून कोणीतरी सांगणारं लागतंच. पण ते कसं सांगतात, हे बघा. गोरोबांनी हे नामदेवांच्या पाठीमागे सांगितलं नाही, समोर बसवून सांगितलं. थापटणं एकट्या नामदेवांच्या नाही, जमलेल्या सगळ्यांच्या डोक्यावरून फिरलं. आणि मडकं कच्चं ठरलं म्हणून कोणी ते फेकून दिलं नाही. कच्चं मडकं फेकायचं नसतं, भाजायचं असतं, कुंभाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. मुक्ताबाईंनी चांगदेवाला बोल लावला आणि त्याच चांगदेवाच्या त्या गुरू झाल्या. ‘तो गर्विष्ठ आहे’ म्हणणारा उठून निघून जातो. ‘तुझ्यात गर्व आहे’ म्हणणाऱ्याला जवळ थांबावं लागतं, जबाबदारी घ्यावी लागते.

व्याकरणात तीन पुरुष असतात ना? गर्वाबद्दल बोलताना तिसरा पुरुष सगळ्यात सोपा, आणि उपयोग त्याचाच सगळ्यात कमी.

मग अन्याय मुकाट सोसायचा का?

त्या शनिवारी हे बोलणं चाललं असताना मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारी आमच्यातली एक ताई म्हणाली, “दादा, हे ऐकायला छान आहे. पण माझा टीम लीड रोज सगळ्यांसमोर मला घालूनपाडून बोलतो. त्याला गर्विष्ठ म्हणायचं नाही, आत डोकावून पाहायचं, म्हणजे चूक माझीच का?”

प्रश्न खरा आहे. भक्तीच्या नावाखाली बऱ्याच जणांना, आणि जणींना तर विशेष, गप्प बसायला शिकवलं गेलंय. म्हणून नीट बोलायला हवं.

प्रल्हाद बघा. बाप त्रिलोकीचा राजा. त्याच्यासमोर पाच वर्षांचं पोर ‘नाही’ म्हणतं, आणि शेवटपर्यंत ‘नाही’च म्हणतं. विष, हत्ती, कडा, आग, काहीही झालं तरी बापाच्या अन्यायाला होकार नाही. यात कुठे मुकाट सोसणं आहे? पण तोच प्रल्हाद, नरसिंह प्रसन्न होऊन ‘वर माग’ म्हणतो तेव्हा, बापासाठी मागतो. त्याच्या पापातून त्याची सुटका व्हावी म्हणून. भागवताच्या सातव्या स्कंधात हे आहे, आणि भगवंत सांगतात की तुझा पिता २१ पिढ्यांसह पावन झाला. ज्याने बापाच्या कृत्याला एकदाही मान तुकवली नाही, त्याने बापाला ‘दैत्य’ या एका शब्दात बंदही केलं नाही. दोन्ही एकत्र जमू शकतं.

आपल्या नागपूरजवळ रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली नरसिंहाची मंदिरं आहेत. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. रामाच्या देवळाकडे जाताना बरेच जण तसेच पुढे जातात. पुढच्या वेळी थांबून बघा. नरसिंह म्हटलं की मांडीवर आडवा दैत्य आणि पोटात रुतलेली नखं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. देव निवांत बसला आहे, हातात चक्र आहे, मांडीवर कोणी नाही. मूर्तिकाराच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. मला मात्र तिथे उभं राहिलं की वाटतं, काम झाल्यावर देवाने शत्रूला धरून ठेवलेलं नाही. आपण ठेवतो, वर्षानुवर्षं.

त्या ताईला काकांनी जे सांगितलं ते मला फार व्यवहारी वाटलं. ते म्हणाले, तक्रार लेखी कर, पण त्यात विशेषण एकही लिहू नको. कोणत्या तारखेला, कोणासमोर, काय शब्द वापरले, एवढंच लिही. तिने एका संध्याकाळी बसून पानभर मजकूर लिहिला आणि एचआरला दिला. चौकशी झाली, पुढे तिची टीम बदलली. ती म्हणाली, “‘घमंडी’ हा शब्द मी दोन वर्षं मैत्रिणींजवळ हजार वेळा वापरला असेल, त्याने काहीच हललं नाही. तारखांनी हललं.” तो माणूस कसा आहे हे ठरवण्याची गरजच पडली नाही. त्याने काय केलं, एवढं पुरलं. नाव कृत्याला द्यायचं, माणसाला नाही, आणि कृत्याला देताना कचरायचं नाही.

दारावरचे दोघे

काकांनी शेवटी एक गंमत सांगितली, ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती. कोड्यातले हिरण्यकशिपू, रावण आणि शिशुपाल ही तीन वेगळी उत्तरं नाहीतच! भागवत सांगतं की वैकुंठाच्या दारावर जय आणि विजय असे दोन द्वारपाल होते. सनकादिक चार कुमार भगवंताच्या दर्शनाला आले. दिसायला लहान पोरं, अंगावर वस्त्रही नाही. सातव्या दाराशी या दोघांनी वेत आडवा धरून त्यांना अडवलं. शाप मिळाला. तेच दोघे तीनदा जन्मले: हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्त्र. आणि तीन जन्मांनंतर पुन्हा वैकुंठाच्या दारावर, आपल्या जागी.

म्हणजे एवढ्या मोठ्या तीन युगांच्या गर्वाचं मूळ काय? सोन्याची लंका नव्हे, कैलास उचलणं नव्हे. दारात उभं राहून कपड्यांवरून माणूस जोखणं. एवढंसं.

आपल्या हुडकेश्वरकडे आता किती नवीन फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्यात. प्रत्येकीला गेट आहे, गेटवर रजिस्टर आहे, एखाद्या ठिकाणी ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ अशी पाटी आहे. पाठीवर २० किलोची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर चढणारं पोर आपल्याच वयाचं असतं. त्याला अडवणारा वॉचमन तर हुकमाचा ताबेदार. पाटी लावायचं ठरवणारे वर घरात बसून संध्याकाळी हरिपाठ म्हणत असतात. रावण व्हायची ऐपत आपल्यातल्या फार थोड्यांची आहे. जय-विजय व्हायला मात्र एक दार आणि हातात थोडासा अधिकार पुरतो. ग्रुपचा ॲडमिन असणं, रांगेत पुढे असणं, इंग्रजी बरं बोलता येणं, आपण माळकरी असणं, हीसुद्धा दारंच आहेत.

नहुषाची गोष्ट अनेकांना अर्धीच माहीत असते. सप्तर्षींना पालखीला जुंपलं, अगस्तींना लाथ मारली, शापाने अजगर झाला. कोडं इथे संपतं. महाभारत संपत नाही. वनपर्वात तोच अजगर भीमाला विळखा घालतो आणि धर्मराजाला प्रश्न विचारतो, म्हणजे तोच कोडं घालतो! विचारतो, ब्राह्मण कोणाला म्हणावं? युधिष्ठिर उत्तर देतो की सत्य, दान, क्षमा, दया ज्याच्यात दिसेल त्याला. जन्माने लागलेलं नाव पुरेसं नाही, वागणं बघावं लागतं. हे उत्तर ऐकून नहुष शापातून सुटतो. कोणत्या उत्तराने सुटला ते पाहा: माणसावर लागलेल्या शिक्क्याखाली जाऊन पाहणाऱ्या उत्तराने.

आणि हाच धर्मराज अगदी शेवटी, स्वर्गात पोहोचल्यावर, काय बघतो? तेजस्वी आसनावर दुर्योधन बसलेला. त्याला संताप येतो, तो तोंड फिरवतो. नारद हसून सांगतात, इथे वैर राहत नाही. आयुष्यभर धर्माने वागलेल्या माणसाच्या मनातही एक घर पेनने भरलेलं राहिलं होतं. व्यासांनी ते झाकलं नाही. म्हणून तर हे ग्रंथ रोज थोडे थोडे वाचायचे.

आजचा अभ्यास

एक. श्लोक १३ ते १५ मोठ्याने वाचा, अर्थासकट. वाचताना कोणाचा चेहरा आठवला तर त्याला तिथून नमस्कार करून जाऊ द्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचा.

दोन. ज्या माणसाला तुम्ही मनात ‘गर्विष्ठ’ लिहून टाकलंय, त्याच्याबद्दल एका कागदावर विशेषण न वापरता पाच वाक्यं लिहा. त्याने काय केलं, कधी, कोणासमोर. त्यातली खरोखर अन्यायाची असतील त्यांच्याबद्दल बोला, तक्रार करा, घाबरू नका. बाकीची पेन्सिलचीच राहू द्या.

तीन. आज दिवसभरात तुम्ही कोणत्या दाराशी उभे होता, आणि कोण बाहेर थांबलं होतं, हे रात्री झोपण्यापूर्वी एकदा आठवा.

उद्या याच अध्यायातला २१ वा श्लोक घेऊ, नरकाच्या तीन दारांचा. दारांचा विषय निघालाच आहे तर पुढेही जाऊ.

राम कृष्ण हरी!